सांडवा आणि पाळ : चंद्रपूर-गडचिरोलीच्या मालगुजारी तलावांतील जादा पाण्याचा इतिहास

पूर्व विदर्भातील भातशेतीचा इतिहास मांडताना तलावांचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. मात्र तलावात किती पाणी साठत असे आणि त्यावर किती जमीन भिजत असे याचीच मोजदाद तेथे प्रामुख्याने होते, आणि साठ्यापलीकडचे पाणी कोठून, कोणत्या पातळीवरून व कोणाच्या अधिकाराने बाहेर पडत असे हा प्रश्न मागे राहतो. वस्तुतः मातीच्या पाळीमागे पाणी अडविणे हे कष्टाचे काम असले तरी त्यात फारसे गूढ नाही. खरे कौशल्य पाळीला धक्का न लावता जादा पाण्याला वाट करून देण्यात आहे. एकदा जरी पाणी पाळीच्या माथ्यावरून वाहू लागले तरी ते माती कापत जाते, घळ क्षणाक्षणाला रुंदावते आणि अनेक वर्षांच्या श्रमाने उभी राहिलेली पाळ एका रात्रीत वाहून जाते. म्हणून चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील तलावांचा इतिहास सांडव्याच्या अंगाने वाचला, तर त्यातून बांधकामाच्या तंत्राबरोबरच गावाच्या सत्तारचनेचाही उलगडा होतो.

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील प्रदेश तलावांसाठी निसर्गतःच अनुकूल आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल आणि सावली हे तालुके, तसेच गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा, गडचिरोली आणि चामोर्शी हा पट्टा पाहिल्यास तेथे जंगलाने आच्छादलेल्या बुटक्या टेकड्या, त्यांच्या पायथ्याशी सौम्य उताराची जमीन आणि त्याखाली भाताच्या बांध्या, म्हणजे चहूबाजूंनी धुरे घातलेली लहान लहान शेते, असा क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. या भागात वर्षाला सरासरी १,२०० ते १,५०० मिलिमीटर पाऊस पडतो; पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि त्यातही मध्येच दोन-तीन आठवड्यांचा खंड पडला की रोवणी झालेला भात धोक्यात येतो. दोन टेकड्यांच्या बेचक्यात आडवी पाळ घातली की वरच्या जंगलातून येणारे पाणी अडते आणि खालच्या बांध्यांना उताराने, उपसा न करता देता येते, या साध्या भौगोलिक सत्यावर येथील सगळी तलावव्यवस्था उभी आहे. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर आणि गडचिरोली या पाच जिल्ह्यांत मिळून अशा जुन्या तलावांची संख्या साडेसहा ते सात हजारांच्या घरात सांगितली जाते. बोडी या नावाने ओळखली जाणारी लहान तळी त्याहून वेगळी.

या तलावांच्या उगमाची परंपरा चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजवटीशी जोडलेली आहे. १८६९ साली चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिणाऱ्या मेजर ल्यूसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने स्थानिक परंपरा नोंदवून ठेवल्या असून, त्यांनुसार हिरशहा या गोंड राजाने जंगल तोडून जमीन वहितीखाली आणणाऱ्याला त्या जमिनीची सनद आणि तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाच्या पाण्याखाली येईल तेवढी जमीन देण्याचे धोरण ठेवले होते. तलाव बांधल्याच्या मोबदल्यात मिळणाऱ्या या भूधारणेला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरातील तुकूम ही वस्ती आजही त्या शब्दाची आठवण देते. या व्यवस्थेतील मर्म असे की बक्षिसाचे माप पाळीच्या लांबीवर किंवा खर्चावर न ठरता प्रत्यक्ष भिजणाऱ्या क्षेत्रावर ठरत असल्यामुळे, वरवर भव्य पण पहिल्याच मोठ्या पावसात फुटणारा तलाव बांधून कोणाचाही फायदा होत नसे. तलाव टिकला तरच जमीन भिजणार आणि जमीन भिजली तरच सनद सार्थ होणार, अशी ही साखळी होती.

तलाव बांधणाऱ्यांत कोहळी समाजाचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात वैनगंगेच्या खोऱ्यातील मोठमोठ्या तलावांचे कर्ते म्हणून कोहळींची नोंद केली आहे. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना त्यांना आपल्याबरोबर आणले, अशी आख्यायिका या समाजात प्रचलित आहे. भात आणि ऊस ही कोहळींची मुख्य पिके. त्यांपैकी ऊस हे पीक पावसाळ्यानंतरही पाणी मागणारे असल्यामुळे, तलाव केवळ खंडाच्या काळापुरता न राहता उन्हाळ्यापर्यंत टिकला पाहिजे ही गरज त्यांच्या बांधकामामागे होती. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांध हा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे परंपरा सांगते. मात्र तलावांचे श्रेय एकाच समाजाला देणे इतिहासाला धरून होणार नाही; जंगल आणि उताराची जाण असणारे गोंड, माती वाहणारे भूमिहीन मजूर आणि स्थानिक जमीनदार यांचा त्यातील वाटाही तेवढाच मोठा आहे.

जुन्या तलावाचे तीन प्रमुख अवयव असतात. पहिला अवयव म्हणजे पाळ, अर्थात माती व मुरूम यांचा बांध. त्याच्या पाण्याकडील बाजूला लाटांनी माती धुपू नये म्हणून दगड बसवलेले असत. दुसरा अवयव तुडूम. शेतीला पाणी सोडण्याच्या या दारात पाण्याकडील बाजूस वेगवेगळ्या उंचीवर भोके ठेवून ती खुंट्यांनी बंद केलेली असत, आणि तलावातील पातळी जसजशी खाली जाई तसतशी खालची खुंटी काढून पाटात पाणी सोडले जाई. तिसरा अवयव सांडवा, म्हणजे ठरलेल्या पातळीच्या वर आलेले पाणी आपोआप बाहेर पडण्याची वाट. यांपैकी तुडूम हा पाळीतील सर्वांत नाजूक भाग होता. कारण पाळीच्या पोटातून जाणाऱ्या कोणत्याही नळाच्या किंवा मोरीच्या कडेने पाणी झिरपत जाऊन मातीचे बारीक कण बाहेर काढू लागले, तर आतल्या आत पोकळी तयार होते आणि पाळ खचते. म्हणूनच पाळीत शक्य तितकी कमी भोके ठेवावीत, आणि पुराचे पाणी तर पाळीतून मुळीच नेऊ नये, हा जुन्या बांधकामाचा मूलभूत संकेत होता.

सांडव्याची जागा या संकेतावरूनच ठरे. तो पाळीच्या मध्यावर न ठेवता एका टोकाला, जेथे पाळ संपून टेकडीची मूळ जमीन सुरू होते तेथे ठेवला जाई, आणि त्यासाठी खडक किंवा कठीण मुरूम असलेली जागा शोधली जाई. परिणामी वाहते पाणी मानवनिर्मित मातीला स्पर्श न करता निसर्गतः घट्ट असलेल्या जमिनीवरून जाई. सांडव्याची लांबीही तितकीच महत्त्वाची होती. आधुनिक जलशास्त्रानुसार सांडव्यावरून वाहणारे पाणी त्याच्या लांबीच्या सरळ प्रमाणात वाढते, तर माथ्यावरील पाण्याची जाडी दुप्पट झाली की विसर्ग सुमारे २.८ पट होतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की सांडवा आखूड असेल तर पूर ओसंडून जाण्यासाठी तलावाची पातळी बरीच वर चढावी लागते आणि पाळ त्या मानाने उंच ठेवावी लागते, उलट सांडवा लांबट असेल तर थोड्याशा चढावातच मोठा पूर निघून जातो. हे गणित जुन्या बांधकाम करणाऱ्यांनी कागदावर मांडले नव्हते; पावसाळ्यात ओढ्याला किती पाणी येते, कोणत्या दगडापर्यंत पूर चढतो आणि जमीन कोठे कापली जाते याचे अनेक वर्षांचे निरीक्षण हेच त्यांचे मोजमाप होते.

सांडव्यावरून गेलेले पाणी वाया गेले असे मानण्याची सवय पुढे रुजली. जुन्या व्यवस्थेत मात्र त्याची पुढची जागा आधीच ठरलेली असे. एकाच ओढ्यावर वरून खाली तलावांची मालिका असल्यास वरच्या तलावाचा सांडवा हाच खालच्या तलावाचा मुख्य पुरवठा ठरे, आणि त्यामुळे खालच्या तलावाला स्वतःच्या पाणलोटापेक्षा कितीतरी अधिक पाणी मिळे. या जोडणीचे फायदे दुहेरी होते. पहिल्या पावसाचा गाळ बऱ्याच अंशी वरच्या तलावातच बसल्यामुळे खालचा तलाव गाळाने उशिरा भरे, आणि दोन्ही तलावांतील रिकामी जागा पुराचा वेग टप्प्याटप्प्याने कमी करी. धोकाही तितकाच दुहेरी होता. वरची एक पाळ फुटली तर तिचे सगळे पाणी एकदम खालच्या तलावात येऊन तेथील सांडवा अपुरा पडे आणि मालिकेतील पाळी एकामागून एक फुटण्याची भीती असे. त्यामुळे सांडवा नीट राखणे ही एका गावाची खासगी बाब न राहता ओढ्याकाठच्या सगळ्या गावांची गरज बनली.

याच वाटेने मासेही ये-जा करीत. पावसाळ्याच्या सुरुवातीला अंडी घालण्यासाठी अनेक देशी जातींचे मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, आणि मरळ, मांगूर यांसारखे हवेतील श्वास घेऊ शकणारे मासे तर उथळ पाण्यातून व ओल्या गवतातूनही वाट काढतात. म्हणून सखल, रुंद आणि खडबडीत सांडवा हा तलावांच्या मालिकेतील मत्स्यजीवनाचा दुवा होता. मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर समाजाला सांडव्याची पातळी, ओसंडण्याचे दिवस आणि त्याखालच्या डोहांचे महत्त्व शेतकऱ्याइतकेच माहीत होते, जरी तलावाच्या मालकीहक्कात त्यांचे नाव क्वचितच आले.

१८व्या शतकाच्या मध्यास चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले आणि १८५४ मध्ये नागपूर राज्याबरोबर हा प्रदेश इंग्रजी अमलाखाली आला. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाल्यानंतर झालेल्या जमाबंदीत गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराला गावाच्या जमिनीवर मालकीहक्क देण्यात आला, आणि त्याबरोबर गावचे तलावही त्याच्या नावे लागले. मालगुजारी तलाव हे नाव येथून रूढ झाले. गावकऱ्यांचे पूर्वापार उपभोगाचे हक्क, ज्यांना निस्तार हक्क म्हणत, आणि पाणी, चराई व रस्ते यांविषयीच्या चालीरीती वाजिब-उल-अर्ज या गावनिहाय दस्तऐवजात नोंदविल्या जात. या व्यवस्थेत मालगुजार वरचढ होता, पाळीलगतच्या चांगल्या जमिनी बहुधा त्याच्याच असत आणि श्रमाचा भार कुळांवर पडे, हे नाकारता येत नाही. पण पाळ दुरुस्त करणे, तुडुमाच्या खुंट्या सांभाळणे आणि सांडव्याची पातळी राखणे हे कोणाचे काम याविषयी गावात संदिग्धता नव्हती, हेही तितकेच खरे आहे. पाणीवाटप पाहणाऱ्या पाणकराच्या हाती ती जबाबदारी प्रत्यक्षात उतरत असे.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांताचे सरकार सिंचनाकडे अधिक गंभीरपणे पाहू लागले, आणि १९०१ ते १९०३ या काळातील भारतीय सिंचन आयोगानंतर सरकारी तलावांच्या कामांना वेग आला. चंद्रपूर जिल्ह्यातील असोलामेंढा, नलेश्वर आणि घोडाझरी हे मोठे तलाव २०व्या शतकाच्या पहिल्या पाव शतकात उभे राहिले. जुन्या गावतलावांच्या तुलनेत ते कितीतरी मोठे असले तरी पाळ मातीची आणि सांडवा मजबूत जागेवर, हा संकेत त्यांच्याही रचनेत दिसतो. याच काळात त्याच प्रांतात, आजच्या छत्तीसगडमधील धमतरी जिल्ह्यात, १९१४ ते १९२३ दरम्यान बांधलेल्या मरमसिल्ली धरणावर एक वेगळा प्रयोग झाला. तेथे साध्या सांडव्याऐवजी ३४ सायफन बसविण्यात आले. सायफन म्हणजे उलट्या यू आकाराची बंद वाहिनी. तलावाची पातळी ठरावीक उंचीवर पोहोचली की वाहिनीतील हवा पाण्याबरोबर ओढली जाते, वाहिनी पूर्ण भरते आणि वातावरणाच्या दाबामुळे पाणी माथा ओलांडून वेगाने पलीकडे जाते, तर पातळी उतरून हवेचे तोंड उघडे पडताच प्रवाह आपोआप थांबतो. साध्या सांडव्याला मोठ्या विसर्गासाठी लांबी किंवा चढाव लागतो. सायफन थोड्याशा चढावात आणि कमी लांबीत तेच काम करतो.

सायफनचे हे तत्त्व आज शहरी घरातल्या मत्स्यपालनातही वापरले जाते, आणि तेथील अडचण जुन्या पाळीच्या अडचणीहून फारशी निराळी नाही. काचेच्या टाकीला भोक पाडल्यास ती तडकण्याचा धोका असल्यामुळे, शुद्धीकरणासाठी खाली ठेवलेल्या दुसऱ्या टाकीकडे, म्हणजे संपकडे, पाणी नेण्यासाठी टाकीच्या काठावर एक पेटी अडकवली जाते. पृष्ठभागावरील पाणी पेटीच्या आतल्या कप्प्यात पडते, सायफनच्या नळीने काठावरून बाहेरच्या कप्प्यात येते आणि तेथून संपमध्ये उतरते. संपमधील पंप तेच पाणी पुन्हा वर पाठवितो. बाहेरच्या कप्प्यातील आडभिंत लहानशा सांडव्याचे काम करते, म्हणजे तिच्या उंचीमुळे नळीची दोन्ही तोंडे कायम पाण्यात राहून सायफन तुटत नाही. वीज गेली की वरची पातळी पेटीच्या काठापर्यंत उतरून थांबते, आणि तेवढे पाणी मावेल इतकी मोकळी जागा संपमध्ये ठेवावी लागते. उलट नळीत हवा शिरून सायफन तुटला आणि पंप चालूच राहिला, तर वरची टाकी काठावरून ओसंडते. पातळी ठरविणारा काठ, खालच्या साठ्यातील राखीव जागा आणि अडू शकणाऱ्या वाटेवर सतत नजर या तिन्ही अटी तलावांच्या मालिकेलाही तंतोतंत लागू होतात. फरक इतकाच की साध्या, उघड्या सांडव्यात हवा शिरून प्रवाह तुटण्याचा धोका नसतो, आणि म्हणूनच देखरेखीची शाश्वती नसलेल्या गावासाठी तो सायफनपेक्षा अधिक भरवशाचा ठरतो.

तलावांच्या इतिहासातील निर्णायक वळण १९५१ साली आले. मध्य प्रदेश राज्याने १९५० मध्ये केलेल्या मालकीहक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव राज्याच्या मालकीचे झाले. जमीनदारी संपविण्याचे हे पाऊल न्याय्य आणि अटळ होते. परंतु मालकी काढून घेताना तिच्याशी जोडलेली दैनंदिन कर्तव्ये कोणाकडे सोपवायची याची पुरेशी व्यवस्था झाली नाही. १९५६ मधील राज्यपुनर्रचना, १९६० मधील महाराष्ट्राची स्थापना, १९६२ पासून सुरू झालेल्या जिल्हा परिषदा आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा, अशा प्रत्येक टप्प्यावर तलावांचे दप्तर एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात गेले. आता माजी मालगुजारी तलाव, किंवा त्याच नावाच्या आद्याक्षरांवरून मामा तलाव, असे म्हटल्या जाणाऱ्या या जलाशयांपैकी लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे आहेत. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांना कायद्यात स्थान दिले, तरी नोंदवहीतील हक्क आणि सांडव्यावर उभा राहणारा माणूस यांतील अंतर त्याने भरून निघाले नाही.

या अंतराचे परिणाम सर्वप्रथम सांडव्यावर दिसतात. तलावाचे पोट गाळाने उथळ झाले की कडेची जमीन उघडी पडते आणि तेथे शेती सुरू होते. अशा शेतकऱ्याला पातळी खाली हवी असते, तर पाळीखालच्या शेतकऱ्याला ती वर हवी असते. सांडवा थोडा तोडला तर साठा कमी होतो, थोडा उंचावला तर वरची जमीन बुडते आणि पाण्यावर सुरक्षित उरलेली पाळीची उंची घटते. अशा वेळी निवाडा करणारी मान्य सत्ता गावात नसेल, तर पातळी बळाने ठरते. सांडव्याखालचा पाणी वाहून जाण्याचा पाट झुडपांनी बुजतो, काठावर माजलेली बेशरम ही वनस्पती प्रवाह अडविते, आणि झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या जमिनीतून पाट जात असेल तर दुरुस्तीला परवानग्यांची आणखी एक पायरी जोडली जाते. मासेमारीत रोहू, कटला आणि मृगळ यांचे बाहेरून आणलेले बीज सोडण्याची पद्धत रूढ झाल्यावर, ते वाहून जाऊ नये म्हणून सांडव्यावर जाळी लावली की तिच्यात पालापाचोळा अडकतो आणि देशी माशांची चढण्याची वाटही बंद होते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थांनी ढिवर समाजाबरोबर पाणवनस्पती आणि देशी मासे परत आणण्याचे काम केले आहे, त्यातून तलाव हा साठ्यापेक्षा मोठा विषय असल्याचे पुन्हा अधोरेखित झाले.

दुरुस्तीच्या शासकीय योजनांत मात्र भर बहुधा खोलीकरणावर, म्हणजे गाळ काढून साठा वाढविण्यावर राहतो, कारण काढलेल्या गाळाचे घनमीटर मोजणे सोपे असते. खोलीकरणाने साठा वाढतो हे खरे. परंतु पूर सामावून घेण्याची क्षमता सांडव्याच्या लांबीवर आणि त्यावरच्या पाळीच्या उंचीवर अवलंबून असल्यामुळे, तलाव भरल्यानंतर येणाऱ्या पुरापुढे खोल तलाव आणि उथळ तलाव जवळपास सारखेच असहाय असतात. २२ एप्रिल १९८८ रोजी पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द प्रकल्पाचा उजवा कालवा ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली आणि मूल या तलावांच्या मुलखातूनच जातो, आणि असोलामेंढा तलाव त्या प्रकल्पाला जोडला गेला आहे. अशा जोडणीचा प्रश्न जुना आहे, फक्त त्याचे प्रमाण बदलले आहे: गावच्या पाणलोटाच्या हिशेबाने बेतलेल्या तलावात बाहेरून पाणी आणले, तर मोठ्या पावसाच्या दिवशी तो आधीच काठोकाठ भरलेला असू शकतो आणि मूळ सांडव्याला पुराचा संपूर्ण भार झेलावा लागतो.

यावर उपाय शोधताना इतिहास दोन गोष्टी सुचवितो. पहिली तांत्रिक आहे: प्रत्येक तलावाच्या दुरुस्तीत सांडव्याचा माथा, त्याची लांबी, खालचा पाट आणि पुढचा तलाव यांची एकत्र मोजणी व्हावी, म्हणजे एका गावाची दुरुस्ती दुसऱ्या गावाचा धोका ठरणार नाही. दुसरी गोष्ट अधिकाराची आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जलाशयांतील मासे व इतर उत्पादनांवर ग्रामसभांचे सामूहिक हक्क मान्य केले आहेत, आणि गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या पहिल्या गावांपैकी एक ठरले; जंगलाबाबत गाव निर्णय घेऊ शकते, तर पाण्याच्या पातळीबाबतही तो घेऊ शकेल असे मानण्यास हा आधार आहे. मालगुजाराची सत्ता परत आणण्याचे कारण नाही, पण त्याच्या हाती असलेले एक काम, म्हणजे पावसाळ्यापूर्वी सांडवा पाहणे आणि त्याची पातळी ठरविणे, शेतकरी, ढिवर आणि खालच्या गावांचे प्रतिनिधी असलेल्या समितीकडे लेखी स्वरूपात सोपविता येते. गोंड राजांची तुकुमाची सनद भिजलेल्या जमिनीवर मोजली जात होती. आजच्या तलावाचे यशही काढलेल्या गाळावर न मोजता, पाळ शाबूत राहून सांडव्याचे पाणी पुढच्या तलावात सुरक्षित पोहोचले की नाही यावर मोजले, तर या व्यवस्थेची तुटलेली कडी पुन्हा जोडता येईल.